मजल दरमजल

उर्दूतील कितीतरी शब्द मराठीत रोज वापरले जातात. सामान, नकाशा, सफर, मुक्काम हे शब्द तुम्हांला कोणी वेगळे शिकवावे लागले नाहीत. असाच एक शब्द आहे ‘मजल’. तुमचा ‘मंझिल’ मराठीत येऊन ‘मजल’ झाला. मराठीत मजल म्हणजे प्रवासात एका टप्प्यात कापलेले अंतर. पूर्वी मोटारी नव्हत्या, आगगाड्या नव्हत्या. लोक पायी, घोड्यावरून किंवा बैलगाडीतून जात. सकाळी निघायचे, दिवसभर चालायचे, संध्याकाळी मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निघायचे. अशा प्रवासालाच ‘मजल दरमजल करीत जाणे’ असे म्हणतात.

आता गाड्या आल्या आणि हा वाक्प्रचार पुस्तकात राहिला, असे तुम्हांला वाटेल. पण तसे नाही. जगात आजही काही लांबच लांब वाटा आहेत, की ज्या केवळ पायी चालण्यासाठी राखून ठेवल्या आहेत. त्यांवर मजल दरमजल करीतच जावे लागते. अशाच एका वाटेची आणि तिच्या एका लहानशा तुकड्याची माहिती आज आपण घेणार आहोत.

अमेरिकेच्या पूर्व भागात अ‍ॅपलाचियन नावाची पर्वतरांग आहे. या रांगेवरून जाणाऱ्या पायवाटेला ‘अ‍ॅपलाचियन ट्रेल’ म्हणतात. ट्रेल म्हणजे पायवाट. दक्षिणेला जॉर्जिया राज्यातील स्प्रिंगर नावाच्या डोंगरावर ती सुरू होते आणि उत्तरेला मेन राज्यातील कटाडिन नावाच्या डोंगरावर संपते. मध्ये 14 राज्ये लागतात. वाटेची लांबी सुमारे 3,500 किलोमीटर आहे. मुंबईहून दिल्लीला सडकेने जाऊन परत आलात, तरी एवढे अंतर होणार नाही! आणि हे सगळे अंतर डोंगर चढत आणि उतरत कापायचे असते.

हे डोंगर मात्र फार उंच नाहीत. शेवटचा कटाडिन 1,606 मीटर उंच आहे. आपल्या महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई 1,646 मीटर आहे, म्हणजे कटाडिनपेक्षा थोडे उंचच! या वाटेवरील सर्वांत उंच शिखर 2,025 मीटर आहे. त्याला 2024 साली ‘कुवोही’ हे जुने चेरोकी नाव परत देण्यात आले. अ‍ॅपलाचियन पर्वत आपल्या सह्याद्रीच्या खडकांपेक्षाही कितीतरी जुने आहेत. सह्याद्रीचा काळा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याच्या थरांतून तयार झाला. अ‍ॅपलाचियन रांग मात्र सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी खंडे एकमेकांवर आदळल्यामुळे उंच उचलली गेली. एके काळी ती फार उंच होती. पाऊस, वारा आणि बर्फ यांनी तिला झिजवून झिजवून ठेंगणी केली. म्हणूनच तिचे माथे गोलसर दिसतात आणि त्यांवर दाट जंगल आहे.

ही वाट कोणा राजाने बांधली नाही. 1921 साली बेंटन मकाय नावाच्या एका वनतज्ज्ञाने एका मासिकात लेख लिहिला. शहरांतील कारखान्यांत आणि कचेऱ्यांत काम करणाऱ्या माणसांना काही दिवस मोकळ्या हवेत राहता यावे, यासाठी पर्वतावरून एक लांब वाट असावी, अशी कल्पना त्याने मांडली. कल्पना मांडणे सोपे. वाट तयार करणे कठीण. पुढे मायरन एव्हरी नावाच्या एका वकिलाने आणि त्याच्या सोबत्यांनी मोजणी केली, झुडपे तोडली, खुणा रंगवल्या. 1937 साली वाट पूर्ण झाली. 1968 मध्ये अमेरिकेच्या सरकारने कायदा करून तिला राष्ट्रीय वाटेचा दर्जा दिला.

या वाटेवर चालणारे लोक दोन प्रकारचे असतात. काहीजण एकाच वर्षात सगळी वाट चालतात. ते बहुधा मार्च-एप्रिलमध्ये जॉर्जियातून निघतात आणि पाच ते सात महिन्यांनी मेनमध्ये पोहोचतात. दुसरे लोक तुकड्या-तुकड्यांनी चालतात. या वर्षी चार दिवसांची रजा मिळाली, तर चार दिवस चालायचे. जिथे थांबलो ती जागा लक्षात ठेवायची. पुढच्या वर्षी पुन्हा त्याच जागेवरून चालायला लागायचे. कोणाला दहा वर्षे लागतात, कोणाला तीस.

आता यांतील खरे चालणारे कोणते? तुम्ही म्हणाल, एका वर्षात चालणारे! पण या वाटेची देखभाल करणारी संस्था तसे मानत नाही. जो कोणी पूर्ण वाट चालतो, त्याची नोंद ती ‘दोन हजार मैल चाललेला’ म्हणून करते. एका वर्षात चालला की तीस वर्षांत, असा भेद त्या नोंदीत नाही. अट एवढीच, की वाट पूर्ण झाली पाहिजे. ही गोष्ट लक्षात ठेवा. शेवटी आपण तिच्याकडे परत येणार आहोत.

चला तर, आपण मनानेच या वाटेचा पहिला तुकडा चालू या. मीही ही वाट प्रत्यक्ष पाहिलेली नाही. नकाशे पाहून आणि चालून आलेल्यांची वर्णने वाचून मी ती ओळखतो. तुम्हीही भूगोलाचा नकाशा समोर ठेवा. आपला तुकडा स्प्रिंगर डोंगरापासून नील गॅप या खिंडीपर्यंतचा आहे. त्यांच्या भाषेत ‘गॅप’ म्हणजे आपली खिंड. अंतर सुमारे 50 किलोमीटर. दिवस चार.

निघण्यापूर्वी सामान बांधायचे. येथेच पहिली चूक होते. आमच्या शाळेच्या नववीच्या मुलांना मी एकदा कळसूबाईच्या सहलीला नेले होते. बारी या गावातून आम्ही चढायला सुरुवात केली. एका मुलाच्या पिशवीत दोन किलो संत्री, दुसऱ्याच्या पिशवीत गाण्याची पेटी आणि तिसऱ्याच्या पिशवीत बिर्याणीचा भला मोठा डबा! अर्ध्या तासात सगळे घामाघूम झाले. संत्री वाटेतच संपली, ते बरे झाले. पण गाण्याची पेटी वरपर्यंत आणि वरून खालपर्यंत वाहावी लागली.

एका दिवसाच्या सहलीत हे चालून जाते, चार दिवसांच्या प्रवासात नाही. डोंगरात वापरायचा एक साधा हिशोब आहे. पाठीवरचे ओझे आपल्या वजनाच्या पाचव्या भागाहून जास्त असू नये. तुमचे वजन 40 किलो असेल, तर ओझे 8 किलोपेक्षा जास्त नको. यात झोपण्याची पिशवी आली, तंबू आला, चार दिवसांचे अन्न आले, पाणी आले. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, हे विसरू नका. म्हणून प्रत्येक वस्तू हातात घेऊन स्वतःला विचारावे, ‘हिच्यावाचून माझे अडेल का?’ अडणार नसेल, तर ती घरीच ठेवावी.

कपड्यांचाही विचार करावा लागतो. आपण सुती कपडे चांगले मानतो. आपल्या उन्हाळ्यात ते चांगलेच आहेत. पण थंड प्रदेशातील डोंगरात सुती कपडा धोक्याचा ठरतो. तो घामाने किंवा पावसाने भिजला, की लवकर वाळत नाही. ओला कपडा आणि वारा मिळून अंगातील उष्णता ओढून घेतात. माणूस थरथरतो, मग त्याला नीट बोलता येत नाही, विचार सुचत नाही आणि त्याच्या जिवावर बेतते. जॉर्जियाच्या डोंगरात मार्चमध्येही रात्री पाणी गोठते. म्हणून लोकरीचे किंवा लवकर वाळणारे कपडे घालतात आणि एक जोड कोरडा ठेवतात. तो फक्त झोपताना वापरायचा.

पहिला दिवस. स्प्रिंगर डोंगराच्या माथ्यावर खडकात बसवलेला पितळी रंगाचा एक फलक आहे. त्यावर पाठीवर पिशवी घेतलेल्या माणसाचे चित्र आहे. जवळच खडकावर एक पांढरा पट्टा रंगवलेला दिसतो. पाच सेंटिमीटर रुंद आणि पंधरा सेंटिमीटर उंच. तुमच्या कंपासपेटीतील पट्टीएवढा लांब! असे पट्टे झाडांवर, खडकांवर आणि खांबांवर मेनपर्यंत रंगवलेले आहेत. त्यांची संख्या दीड लाखाहून जास्त आहे. हे पांढरे पट्टेच चालणाऱ्याचे वाटाडे. एकावर एक असे दोन पट्टे दिसले, तर समजावे की पुढे वळण आहे, लक्ष द्या. निळा पट्टा दिसला, तर ती वेगळी लहान वाट. ती पाण्याकडे, निवाऱ्याकडे किंवा एखाद्या कड्याकडे जाते.

बोलता बोलता चालत राहिलो आणि बराच वेळ पट्टा दिसलाच नाही, तर काय करावे? पुढे जाऊन शोधू, असे वाटते. तेच करायचे नाही. साधारण चारशे मीटर चालूनही पट्टा दिसला नाही, तर थांबायचे आणि मागे फिरायचे. शेवटचा पट्टा जिथे पाहिला होता, तिथपर्यंत परत यायचे. आणि मागची वाटही सापडत नसेल, तर एका जागी बसून राहायचे, शिट्टी वाजवायची, वाट पाहायची. चुकलेला माणूस जितका भटकतो, तितका तो शोधणाऱ्यांपासून दूर जातो. हा नियम अमेरिकेत जितका खरा, तितकाच आपल्या सह्याद्रीच्या धुक्यातही खरा आहे.

स्प्रिंगरहून वाट उतरत उतरत एका ओढ्याच्या काठी येते. येथे तीन ओढे एकत्र मिळतात. थोडे पुढे एक सुंदर धबधबा आहे. पाणी स्वच्छ दिसते. पण दिसते म्हणून प्यायचे नाही. वर कोठे जनावर मरून पडले असेल, कोणी घाण केली असेल, हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून पाणी उकळून किंवा गाळणीच्या यंत्रातून गाळूनच पितात. सुमारे 13 किलोमीटर चालल्यावर हॉक माउंटन येथील निवारा येतो. हा आपला पहिला मुक्काम.

हे निवारे कसे असतात? तीन बाजूंनी भिंती, चौथी बाजू उघडी, वर छप्पर आणि खाली फळ्यांची जमीन. दार नाही, कुलूप नाही, पहारेकरी नाही. जो आधी येईल, तो जागा घेईल. पण पावसात मागून कोणी भिजत आला, तर सगळे थोडे थोडे सरकतात. आपल्या प्रवासातही असेच असते. रेल्वेच्या डब्यात चार जणांच्या बाकावर पाचवा बसतोच. संपूर्ण वाटेवर असे अडीचशेहून अधिक निवारे आहेत.

संध्याकाळी एक काम विसरून चालत नाही. या जंगलात काळी अस्वले आहेत. ती सहसा माणसाच्या वाटेला जात नाहीत. पण अन्नाचा वास त्यांना दुरून येतो. म्हणून खाण्याचे सर्व पदार्थ, एवढेच काय, दात घासण्याची पेस्टसुद्धा, निवाऱ्यापासून दूर उंच टांगून ठेवतात किंवा अस्वलाला उघडता न येणाऱ्या कडक डब्यात ठेवतात. अस्वलाला एकदा माणसाच्या अन्नाची चटक लागली, की ते पुन्हा पुन्हा येते. मग शेवटी त्या अस्वलालाच पकडावे किंवा मारावे लागते. चूक माणसाची आणि शिक्षा अस्वलाला! म्हणून हा नियम माणसाच्या रक्षणासाठी आहे, तसा अस्वलाच्या रक्षणासाठीही आहे.

दुसरा दिवस. हा दिवस लोकांना कठीण जातो. पाय दुखत असतात, खांदे भरून आलेले असतात. वाट आज सॅसफ्रस आणि जस्टस या डोंगरांवरून जाते. एक डोंगर चढून वर यावे, तर वाट लगेच खाली उतरते आणि पुढे दुसरा चढ दिसतो. चढावर घाई करणारा लवकर दमतो. चालताना शेजाऱ्याशी बोलता येईल, इतक्याच वेगाने चढावे. बोलताना धाप लागली, तर वेग कमी करावा. पायाला कोठे चुरचुरले, तर तिथेच थांबून बूट काढावा आणि त्या जागी चिकटपट्टी लावावी. ‘पुढे पाहू’ म्हटले, की तासाभरात तिथे मोठा फोड येतो आणि मग पुढचे दोन दिवस लंगडत चालावे लागते. सुमारे 12 किलोमीटर चालून आपण गूच माउंटनच्या निवाऱ्यावर पोहोचतो.

येथे रात्री शेकोटीजवळ चालणाऱ्यांच्या गोष्टी निघतात. त्यांत एका आजीचे नाव हमखास येते. तिचे नाव एमा गेटवुड. ती अकरा मुलांची आई होती. 1954 साली तिने उत्तरेकडून चालायला सुरुवात केली. पण ती वाट चुकली आणि तिला परत यावे लागले. आपण असतो, तर म्हटले असते, ‘झाले, आता या वयात पुरे!’ पण ती पुढच्याच वर्षी, 1955 मध्ये, दक्षिणेकडून जॉर्जियातून निघाली. तेव्हा तिचे वय 67 वर्षांचे होते. पायांत कापडी बूट आणि खांद्यावर घरी शिवलेली एक पिशवी, एवढेच तिचे सामान. त्या वर्षी ती कटाडिनच्या माथ्यावर पोहोचली. पूर्ण वाट एकटीने एका हंगामात चालणारी ती पहिली स्त्री मानली जाते. पुढे 1957 मध्ये तिने ही वाट दुसऱ्यांदा पूर्ण केली. तिसऱ्यांदा ती तुकड्या-तुकड्यांनी चालली आणि 1964 साली तीही पूर्ण केली.

तिसरा दिवस. सकाळी सुमारे आठ किलोमीटर चालल्यावर वुडी गॅप ही खिंड येते. येथे डांबरी सडक वाटेला आडवी जाते. मोटारी उभ्या असतात. ज्यांचे पाय सुजले आहेत, ज्यांची रजा संपली आहे, ते येथून घरी जातात. त्यात कमीपणा नाही. आजारी असताना पुढे चालत राहणे, हे धाडस नसून अविचार आहे. जे पूर्ण वाट चालण्याच्या इराद्याने निघतात, त्यांतील साधारण चारांपैकी एकच त्या वर्षी शेवटपर्यंत पोहोचतो.

आपण पुढे जाऊ या. वाट आता जंगलातून वर चढते आणि मध्येच मोकळ्या खडकावर आणून सोडते. तिथून खालच्या दऱ्या दिसतात. या वाटेवर कोठे दगडांच्या पायऱ्या लावलेल्या असतात, कोठे पावसाचे पाणी बाजूला वळवण्यासाठी आडवा ओंडका पुरलेला असतो. ओंडका नसता, तर पाणी वाटेवरूनच वाहिले असते आणि चार पावसाळ्यांत वाटेचा ओहोळ झाला असता. हे काम कोण करते? सरकारी खात्यांची मदत असते. पण मोठे काम स्वयंसेवक करतात. वाटेवरील गावांत आणि शहरांत असे सुमारे तीस संघ आहेत. प्रत्येक संघाने वाटेचा आपापला तुकडा सांभाळायला घेतला आहे. सुटीच्या दिवशी कोणी शिक्षक, कोणी सुतार, कोणी पेन्शनर कुदळ-फावडे घेऊन येतात. त्यांना मजुरी मिळत नाही. सप्टेंबर 2024 मध्ये ‘हेलीन’ नावाच्या चक्रीवादळाने हजारो झाडे वाटेवर पाडली. शेकडो किलोमीटर वाट बंद झाली. तेव्हाही करवती घेऊन ती मोकळी करायला हेच लोक धावले. म्हणजे ही वाट जशी तुकड्या-तुकड्यांनी चालता येते, तशीच ती तुकड्या-तुकड्यांनी सांभाळलीही जाते.

आपले कर्तव्य मात्र त्याहून सोपे आहे. जे घेऊन गेलो, ते परत आणायचे. गोळीचा कागदसुद्धा वाटेवर टाकायचा नाही. शौचाला पाण्यापासून साठ मीटर तरी दूर जायचे, वीतभर खड्डा खणायचा आणि तो मातीने बुजवायचा. आपल्या सहलीच्या जागांवर प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा खच पडलेला तुम्ही पाहिला असेल. तो पाहिला की हा नियम का केला, हे वेगळे सांगावे लागत नाही. सुमारे 14 किलोमीटर चालून आपण लान्स क्रीक नावाच्या ओढ्याकाठी तंबू ठोकतो. हा शेवटचा मुक्काम.

चौथा दिवस. आज ब्लड माउंटन चढायचा आहे. उंची 1,359 मीटर. जॉर्जियातील या वाटेवरचा हा सर्वांत उंच माथा. हा सारा प्रदेश पूर्वी चेरोकी लोकांचा होता. 1838 साली अमेरिकेच्या सैन्याने त्यांना बळजबरीने घरांतून काढून दूर पश्चिमेकडे नेले. त्या प्रवासात हजारो माणसे मरण पावली. म्हणून या डोंगरांत मजेने चालताना ही गोष्टही ठाऊक असावी. ज्या वाटांवर आपण हौसेने चालतो, त्या कधी कोणाला रडत सोडाव्या लागल्या होत्या.

माथ्यावर दगडी भिंतींचा एक जुना निवारा आहे. 1930 च्या दशकात अमेरिकेत मोठी बेकारी होती. तेव्हा सरकारने तरुणांना जंगलात झाडे लावण्याचे आणि बांधकामाचे काम दिले. त्याच तरुणांनी हा निवारा बांधला. येथून चारी बाजूंना निळसर डोंगरांच्या रांगा दिसतात. या भागात मुक्काम करणाऱ्यांवर अन्नासाठी अस्वलाला न उघडणारा डबा बाळगण्याचे बंधन घातलेले आहे.

आता फक्त उतार राहिला, असे म्हणून येथे पुष्कळजण धावू लागतात आणि घसरतात. चार किलोमीटरमध्ये वाट सुमारे चारशे मीटर खाली येते. खडक गुळगुळीत आहेत. पाऊस पडला असेल, तर ते साबणासारखे निसरडे होतात. चढताना छाती दमते आणि उतरताना गुडघे दमतात. म्हणून उतरताना पावले लहान टाकावीत, गुडघे थोडे वाकवावेत आणि काठी पुढे टेकवावी.

उतार संपला, की नील गॅप. येथे सडकेच्या कडेला एक जुनी दगडी इमारत आहे. गंमत अशी, की वाट या इमारतीच्या कमानीखालून जाते! आत एक दुकान आहे. तेथील माणसे नव्या चालणाऱ्याची पिशवी उघडून पाहतात आणि नको असलेले सामान टपालाने घरी पाठवायला सांगतात. कित्येकांच्या पिशव्या येथे काही किलोंनी हलक्या होतात. दुकानाजवळच्या झाडावर लोकांनी फेकलेले जुने बूट अनेक वर्षे लोंबकळत असत. आमच्या मुलांची गाण्याची पेटी मला अशा वेळी आठवते.

आपला तुकडा संपला. 50 किलोमीटर झाले. पुढे आणखी सुमारे 3,450 किलोमीटर आहेत! हा आकडा ऐकून हसू येते ना? पण विचार करा. स्प्रिंगरच्या माथ्यावर उभ्या असलेल्या माणसालाही कटाडिन दिसत नाही. त्याला फक्त पुढचा पांढरा पट्टा दिसतो. तिथपर्यंत गेला, की त्यापुढचा.

आता कळसूबाईच्या त्या सहलीतील एक गोष्ट सांगतो. वाटेत कड्यांवर लोखंडी शिड्या लावलेल्या आहेत. एका शिडीपाशी आमचा एक मुलगा खाली बसला. त्याने वर पाहिले, खाली पाहिले आणि तो रडू लागला. इतर मुले हसली. मी त्याच्याजवळ एका शिक्षकांना ठेवले आणि बाकीच्यांना घेऊन वर गेलो. परत येताना तो कोणाशी बोलला नाही. पुढे नववीची परीक्षा झाल्यावर त्याने शाळाही सोडली. घरात अब्बांची प्रकृती बिघडली होती, म्हणून तो यंत्रमागावर जाऊ लागला.

दोन वर्षांनी एके दिवशी तो शाळेत आला. हाताला कापसाची तूस चिकटलेली होती. म्हणाला, “सर, 17 नंबरचा फॉर्म भरायचा आहे.” बाहेरून दहावीला बसणाऱ्यांचा तो फॉर्म. आम्ही तो भरला. तो दिवसा काम करी आणि रात्री अभ्यास करी. पहिल्या वेळी तो दोन विषयांत राहिला. त्यांतला एक विषय मराठी होता. पुढच्या वेळी त्याने फक्त त्या दोन विषयांची परीक्षा दिली आणि तो पास झाला. त्याच्या प्रमाणपत्रावर तो दहावी पास आहे, एवढेच लिहिलेले आहे. तो शिडीपाशी किती वेळ बसला होता, हे कोठेही लिहिलेले नाही.

तुमच्यापैकी कोणाला मराठीचा पेपर, कोणाला गणिताचा पेपर त्या शिडीसारखा वाटत असेल. कोणाला घरच्या अडचणीमुळे मध्येच थांबावेही लागेल. थांबावे लागले, तर थांबा. पण कोठे थांबलात, ती जागा लक्षात ठेवा. पुन्हा सुरुवात करायची असेल, तर ती तिथूनच करायची असते.

आणि जमले, तर या थंडीत आपल्या शिक्षकांबरोबर जवळच्या एखाद्या डोंगरावर जा. सोबत पाणी घ्या, शिट्टी घ्या, ओझे कमी घ्या. गाण्याची पेटी मात्र घरीच ठेवा.